फायटरला आरसा दाखवू नका

घरात फायटर मासा असला आणि पाहुणे आले, की एक खेळ हमखास रंगतो. कुणी पर्समधला छोटा आरसा काढतं, कुणी मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करून काचेला टेकवतं. मासा जागच्या जागी थबकतो. मग त्याच्या कल्ल्यांची झाकणं दोन्ही बाजूंना ताठ उभी राहतात, त्यांच्याखालचा गडद पडदा बाहेर येतो, सगळे पर ताणले जातात आणि अंगावरचा रंग एकदम चढतो. मुलं टाळ्या पिटतात. "बघा, कसा नाचतोय!"

हा नाच बंद करा, एवढंच सांगायला हे लिहितोय. आपण ज्याला नाच म्हणतो ती त्या माशाची धमकी असते. समोर दुसरा नर उभा आहे, तो माझ्या हद्दीत शिरलाय, आणि आहे त्याहून मी मोठा दिसलो तरच तो मागे हटेल, असा सगळा मामला असतो. आणि हे फुलणं त्याला फुकटात पडत नाही. झाकणं ताणून धरली की कल्ल्यांवरून पाणी नीट खेळत नाही, श्वासाला अडचण होते. म्हणूनच थोडा वेळ फुलल्यावर तो वर जाऊन हवेचा घोट घेतो आणि परत येऊन पुन्हा फुलतो.

फायटर, म्हणजे बेटा स्प्लेंडेन्स, मूळचा थायलंडचा. तिथली भातखाचरं, पाणथळी, संथ कालवे, झाडोऱ्याने भरलेलं उथळ पाणी हे त्याचं घर. 2019 साली थायलंड सरकारने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. या माशांच्या झुंजी लावायचा नादही तिथला जुना, आणि त्यासाठी पिढ्यानपिढ्या भांडखोर नर निवडून वाढवले गेले. आपल्याकडच्या दुकानात मिळणारे हाफमून, क्राउनटेल किंवा आखूड शेपटीचे प्लाकाट त्याच घराण्यातले. माणसाने शेपट्या लांबवल्या, रंग बदलले. स्वभाव तेवढा तसाच राहिला.

रानातला नर भांडतो त्याला कारण असतं. पाण्याच्या पृष्ठभागावर तो तोंडाने चिकट बुडबुडे सोडून घरटं बांधतो. मादीने अंडी सोडली की ती तोंडाने उचलून एकेक करून त्या फेसात ठेवतो, खाली पडलेली परत वर नेतो आणि पिल्लं स्वतः पोहायला लागेपर्यंत राखण करतो. मादीचं काम अंडी घालण्यापुरतं. नंतर तीही जवळ आलेली त्याला खपत नाही. एवढ्याशा जागेवर दुसरा नर आला की दोघं आधी फुलतात, एकमेकांना अंगाची बाजू दाखवतात, शेपटीने पाण्याचे फटकारे मारतात. बहुतेक वेळा एवढ्यावरच निकाल लागतो. ज्याला माघार घ्यायची तो पर मिटतो, फिका पडतो आणि गवतात पळून जातो. जिंकणारा त्याचा लांबवर पाठलाग करत बसत नाही.

म्हणजे या भांडणाला शेवट असतो. हरणाऱ्याला पळायला जागा हवी आणि जिंकणाऱ्याला समोरच्याची हार दिसायला हवी, या दोन गोष्टी झाल्या की ते मिटतं. आरशात या दोन्ही नाहीत. आरशातला नर कधी पर मिटत नाही, कधी मागे सरत नाही. हा जितका फुलतो तितकाच तोही फुलतो. दोन काचेच्या बरण्या शेजारी-शेजारी ठेवल्या तरी तेच. दोघंही जिंकू शकत नाहीत, हरू शकत नाहीत आणि पळूही शकत नाहीत.

खरी झुंज किती आतवर जाते याचा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनावरून येतो. झुंजणाऱ्या नरांच्या जोड्यांचं त्यात बारकाईने निरीक्षण केलं होतं. दोघं जबड्यात जबडा अडकवून धरतात, मग सोडून हवा घ्यायला वर जातात आणि खाली येऊन पुन्हा भिडतात. झुंज लांबत गेली तशा दोघांच्या हालचाली एकमेकांशी जुळत गेल्या. इतकंच काय, तासाभराने दोघांच्या मेंदूतल्या जनुकांचं कामसुद्धा एकाच पद्धतीने चालू-बंद होत असल्याचं आढळलं. इतका पूर्णपणे मासा त्यात गुंततो. पाच मिनिटांच्या करमणुकीसाठी आपण कशाला हात घालतोय, याची जाणीव असलेली बरी.

इथे कुणी म्हणेल, "पण तो आपण होऊन आरशाकडे जातो की! त्याला आवडत असेल." ही शंका अगदीच खोटी नाही. 1963 मध्ये ट्रॅव्हिस थॉम्प्सन या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिलं, की स्वतःचं प्रतिबिंब पाहायला मिळावं म्हणून फायटर ठरावीक कृती शिकतो आणि ती पुन्हा पुन्हा करतो. पण दारावर कुणी धक्के मारायला लागलं की आपणही दाराकडेच धावतो, ते काही हौस म्हणून नव्हे. आपल्या हद्दीत घुसलेल्याला शोधत जाणं हे त्या माशाचं कामच आहे. तो जातो यावरून त्याला मजा येते असं ठरवणं ही आपली सोय झाली.

आता उलट्या टोकालाही जाऊ नका. फायटर दिवसातून एकदोनदा फुलला म्हणून घाबरायचं कारण नाही. तुमचं बोट पाहून, नवीन गोगलगाय पाहून, कधी काही नसतानाही तो फुलेल आणि मिनिटभरात पर मिटून आपल्या कामाला लागेल. तो निरोगी असल्याचं ते लक्षण आहे. पाहायचं ते एवढंच, की ते थांबतं का. थांबल्यावर तो जेवायला येतो का. एकाच काचेपुढे वर-खाली, वर-खाली येरझाऱ्या घालत राहतो का. पर सतत अंगाला चिकटलेले, रंग उतरलेला, दाण्याकडे पाठ आणि दिवसभर तळाशी किंवा फिल्टरच्या मागे बसून राहणं, अशी चिन्हं दिसली तर मासा ताणात आहे असं समजा. मादी आणि कोवळ्या माशांच्या अंगावर ताणात आडव्या पट्ट्या उमटतात. उभ्या पट्ट्या मात्र वेगळ्या. मादी विणीला तयार असली की त्या दिसतात.

एक गैरसमज इथेच दूर करतो. पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं दिसलं की लोक म्हणतात, मासा खूश आहे. तसं काही नाही. वयात आलेला नर घाणेरड्या पाण्याच्या बरणीतही घरटं बांधतो. घरट्याकडे बघून पाणी बदलायचं टाळू नका.

मासा सारखा फुलतोय असं वाटलं तर सगळ्यात आधी काचेचा संशय घ्या. कुणी आरसा दाखवत नसलं तरी टँकची काच स्वतःच आरसा होते, आणि हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. संध्याकाळी खोलीतला दिवा बंद, टँकचा एलईडी लख्ख चालू, म्हणजे आतून काच हा पक्का आरसा. रात्री उजेड असलेल्या खोलीतून खिडकीकडे पाहिलं की आपण आपल्यालाच दिसतो, अगदी तसंच. त्यात मागे चकचकीत काळा किंवा गडद निळा कागद चिकटवलेला असला तर प्रतिबिंब आणखी ठळक. दुकानदार हाच कागद हौसेने देतात, कारण त्यावर माशाचा रंग उठून दिसतो.

याची परीक्षा सोपी आहे. मासा रोज त्याच कोपऱ्यात, त्याच वेळेला फुलत असेल तर टँकचा दिवा बंद करा आणि खोलीतला लावा. थोड्या वेळात तो शांत झाला तर चोर सापडला. मग मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून फिका, न चमकणारा कागद लावा. साधा खाकी कागदही चालतो. एलईडीचा उजेड कमी करा, नाहीतर वर तरंगणाऱ्या वनस्पती सोडा म्हणजे उजेड गाळून येईल. दिवा आठ-दहा तासांपेक्षा जास्त नको. आणि खोली अंधारी करून फक्त टँक उजळत ठेवायची ती शोभा सोडून द्या. दिवाणखान्याला ती छान दिसते हे मान्य, पण तिची किंमत मासा मोजतो.

काचेचा प्रश्न सुटला की शेजाऱ्यांकडे वळा. दोन फायटर समोरासमोर ठेवायचे नाहीत, मग त्यांच्या बरण्या वेगळ्या का असेनात. मधे जाळी किंवा पारदर्शक पट्टी घातलेले पार्टिशनचे टँक बाजारात मिळतात. मला ते अजिबात पसंत नाहीत. एकतर दोघं दिवसभर एकमेकांना पाहतात, आणि दुसरं म्हणजे फायटर उडी मारण्यात तरबेज. मधली पट्टी पाण्याच्या वर जेमतेम आलेली असली तर एके दिवशी सकाळी दोघं एकाच बाजूला सापडतील. नाइलाजाने दोन ठेवावेच लागले तर पट्टी अपारदर्शक आणि वरच्या झाकणापर्यंत उंच हवी.

घरच्या घरी फायटरची पैदास करणारे आता बरेच झालेत. त्यांच्या मांडणीवर बरण्यांच्या रांगा असतात आणि प्रत्येक दोन बरण्यांमध्ये पुठ्ठा. पर फुलून यावेत म्हणून ते दिवसातून थोडा वेळ पुठ्ठा काढतात आणि परत लावतात. हे जाणत्या नजरेखाली, वेळ मोजून केलेलं काम असतं. एखादा मासा पाळणाऱ्याने त्याची नक्कल करायची गरज नाही. ऑनलाइन मिळणारा तरंगता आरसा टँकमध्ये सोडून ऑफिसला निघून जाणं तर सरळ छळ आहे.

दुकानात आणखी एक सल्ला फुकट मिळतो. "एकटा कंटाळेल साहेब, जोडी न्या." नेऊ नका. फायटरला सोबत लागत नाही. छोट्या टँकमध्ये कायमची सोडलेली मादी पर फाटून, घाबरून, कोपऱ्यात दडून दिवस काढते आणि बऱ्याचदा मरते. गप्पीही नको, कारण त्यांच्या रंगीत रुंद शेपट्या पाहून फायटरला तो दुसरा नरच वाटतो. गुरामी तर त्याच कुळातले, त्यांच्याशीही खटके उडतात. टायगर बार्ब उलट फायटरचीच शेपटी कुरतडतात. गोल्डफिशला थंड पाणी आणि भरपूर जागा लागते, त्याचा इथे संबंधच नाही. सोबत हवीच असेल तर एखादी गोगलगाय ठेवा.

आता जागेबद्दल. पाण्याबाहेरच्या हवेचा श्वास घेणारं लॅबिरिंथ नावाचं खास इंद्रिय फायटरला आहे, म्हणून तो कपभर पाण्यातही तग धरतो. तग धरतो म्हणजे सुखाने राहतो असा अर्थ दुकानांनी लावला आणि गिऱ्हाइकांनी तो मानून घेतला. फूटभर लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच टँकमध्ये 28 लिटर पाणी मावतं. वर चार बोटं जागा सोडली तरी वीसहून जास्त लिटर उरतं. एका फायटरला तेवढं पुरेसं होतं. जागा अगदीच कमी असली तर दहा लिटरच्या खाली उतरू नका. वरची रिकामी जागा महत्त्वाची, कारण तिथली हवा तो घेतो. झाकण लावा, म्हणजे ती हवा उबदार राहते आणि मासा जमिनीवर सापडत नाही.

गोल बाउल टाळा. त्याच्या वळणदार काचेत बाहेरचं सगळं वेडंवाकडं दिसतं, फिल्टर बसत नाही आणि पाणी कमी असल्यामुळे लवकर बिघडतं. पाणी बिघडणं म्हणजे मुख्यतः अमोनिया. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतून तो तयार होतो आणि कल्ले भाजून काढतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. हे चक्र बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नवा टँक आणि नवा मासा एकाच दिवशी घरी आणायची घाई करू नका. स्पंज नळाखाली खसखसून धुतला की ते जिवाणू मरतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. टँकमधून काढलेल्या पाण्यात तो हलक्या हाताने पिळायचा.

आठवड्यातून एकदा पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, सगळं नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन टाका आणि नव्या पाण्याची ऊब जुन्याइतकीच आहे ना, ते पाहा. फायटरला 25 ते 28 अंश सेल्सिअस मानवतं. मुंबईकराला वाटतं, आपल्याकडे कुठे थंडी? पण एसीच्या बेडरूममधला टँक रात्रीतून बराच थंड होतो आणि सकाळी परत तापतो. हा रोजचा चढउतार माशाला सोसत नाही. पुण्यात, नाशकात, विदर्भात डिसेंबर-जानेवारीत थर्मोस्टॅटचा छोटा हीटर लागतोच. थंडीने सुस्तावलेला मासा फुलत नाही, आणि मालकाला वाटतं, स्वभाव निवळला.

त्याच्या हद्दीत त्याला लपायलाही जागा द्या. जावा फर्न, अनुबियास यांसारखी रुंद पानांची झाडं कमी उजेडातही जगतात. पृष्ठभागाजवळ एखादं मोठं पान असलं तर मासा त्यावर येऊन विसावतो. प्लास्टिकची झाडं घेताना जुना नायलॉनचा मोजा त्यांवरून फिरवा. मोजा अडकला तर शेपटीही फाटेल. फिल्टरचा झोत मंद ठेवा, लांब परांच्या हाफमूनला जोराच्या पाण्यात पोहताना धाप लागते. आणि एकदा मांडणी केली की दर आठवड्याला दगड-झाडं इकडची तिकडे करू नका. त्याने ती जागा आपली मानलेली असते.

आपल्या रस्त्यांवर बदामाची झाडं उदंड आहेत. तांबडी होऊन गळणारी त्यांची मोठी पानं झाडूवाले रोज गोळा करतात. हीच पानं सुकवून, पाकिटात घालून ऑनलाइन विकली जातात. गळालेलं, पूर्ण वाळलेलं, डाग नसलेलं पान घ्या, गाड्यांच्या धुराच्या आणि फवारणीच्या जागेचं नको. स्वच्छ धुऊन टँकमध्ये टाका. पाणी चहासारखं तपकिरी होतं. तो टॅनिनचा रंग. थायलंडच्या पाणथळीतलं पाणीही असंच पालापाचोळ्याच्या रंगाचं असतं. उजेड मंदावतो, काचेतलं प्रतिबिंब कमी होतं, मासा निवांत होतो. मात्र हे औषध नव्हे. पर सडायला लागलेल्या माशाला पान घालून वाट बघत बसू नका. जंगली बदाम म्हणतात ते झाड निराळं, त्याची पानं वापरू नका.

पर फाटलेले दिसले तर कारण नीट ओळखा. कडा काळसर किंवा लालसर होत हळूहळू झिजत असतील तर तो पर सडण्याचा रोग, आणि त्याचं मूळ बहुधा खराब पाण्यात असतं. काल संध्याकाळी पूर्ण असलेल्या शेपटीतून आज सकाळी चंद्रकोरीसारखा तुकडा गायब असेल, कड साफ असेल, तर माशाने स्वतःच ती चावलीय. लांब शेपटीच्या जातींत हे बरंच आढळतं. अशा वेळी औषधाच्या बाटलीआधी काच, शेजारी आणि फिल्टरचा झोत तपासा. कारण गेलं आणि पाणी स्वच्छ राहिलं की पर काही आठवड्यांत पुन्हा येतात; नवा भाग आधी पारदर्शक असतो, रंग मागून भरतो.

विषय थोडा सोडून एक सांगतो. डास मारायचा स्प्रे टँकच्या खोलीत मारू नका. त्यातली पायरेथ्रॉइड माशांना अतिशय विषारी असतात, आणि फायटर तर वर येऊन खोलीतली हवाच घेतो.

मुलांचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. त्यांना आरसा नाही म्हटलं तर हातात काहीतरी द्यायला हवं. त्यांना दाणे घालायचं काम द्या: सकाळी दोन-तीन, संध्याकाळी दोन-तीन, मोजून, रोज त्याच कोपऱ्यात. थोड्याच दिवसांत मूल जवळ आलं की मासा त्या कोपऱ्यात येऊन थांबेल. पुढे तो बोटाच्या टोकावरचा दाणासुद्धा टिपतो, आणि पाहुण्यांना दाखवायला हा खेळ आरशापेक्षा कितीतरी चांगला.

मोठ्यांसाठी कायद्याची एक गोष्ट. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा करमणुकीसाठी कुठल्याही प्राण्याला दुसऱ्याशी झुंजायला लावणं हा गुन्हा मानतो, आणि त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव. दोन फायटर एका बरणीत सोडून व्हिडिओ काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि पुढच्या वेळी फायटर घ्यायला जाल तेव्हा दुकानदार दोन बरण्या एकमेकींना भिडवून "बघा, कसा फुलतो" म्हणेल. त्याला थांबवा. मासा तेजतर्रार आहे का ते दाणा टाकून कळतं. पर अखंड आहेत का, पोट फुगलेलं नाही ना, बोटाच्या मागे नजर फिरते का, हे नुसतं पाहूनही कळतं. सगळ्या बरण्यांच्या मधे पुठ्ठे लावा, असं त्याला सांगा. चार गिऱ्हाइकांनी सांगितलं तर तो लावेल. पुठ्ठ्याला पैसे पडत नाहीत.